रेक्याविक ते वीक, एका दिवसात: आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलंडला चार-पाच दिवसांसाठी येणारे पाहुणे एक दिवस दक्षिण किनाऱ्यासाठी राखून ठेवतात. स्वतः गाडी चालवत धबधबे, काळी वाळू, हिमनदी, पफिन पक्षी असं सगळं त्या एका दिवसात बसवायचं असतं. बसतंही, पण काही गोष्टी आधी ठरवल्या तरच. येण्याआधी नातेवाईक आणि मित्रमंडळी जे प्रश्न फोनवर विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

एका दिवसात किती लांब जाता येईल?

दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक गावापर्यंत. तिथून मागे फिरायचं.

राजधानी रेक्याविकहून वीक साधारण १८७ किलोमीटर आहे. न थांबता गेलात तर अडीच तास. जाऊन-येऊन पाच तास गाडीत, शिवाय आडवाटा आणि थांबे धरले की दहा-अकरा तासांचा भरगच्च दिवस होतो. सगळा प्रवास रिंग रोडवरून, म्हणजे एक नंबरच्या रस्त्यावरून होतो. देशाला वळसा घालणारा हा रस्ता १९७४ साली पूर्ण झाला.

हिमनगांचं सरोवर, योकुल्सारलोन, रेक्याविकहून सुमारे ३७० किलोमीटरवर आहे. तेही त्याच दिवशी उरकू, असा आग्रह बरेच जण धरतात. नऊ-दहा तास नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं उतरून फोटो काढायचे आणि रात्री पेंगत परतायचं, याला मी ठामपणे नाही म्हणते. अनोळखी रस्त्यावर दमलेल्या माणसाने गाडी चालवणं हाच या सहलीतला मोठा धोका आहे.

थांबे कोणत्या क्रमाने घ्यावेत?

नकाशात जे आधी लागतं तिथे आधी थांबायचं, हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. सहलीच्या बसही तसंच करतात. त्यामुळे सकाळी दहा-अकराच्या सुमाराला सेल्यालॅन्सफॉस धबधब्यापाशी गर्दी होते आणि तीच गर्दी दिवसभर तुमच्या पुढे-मागे राहते.

उन्हाळ्यात उलटं करा. सकाळी सातच्या आत निघा, सेल्फॉस गावात चहा-कॉफी घ्या आणि धबधब्यांपाशी न थांबता थेट दिरहोलाएच्या कड्यापर्यंत जा. तिथून रेनिसफ्याराचा काळा किनारा, मग वीकला जेवण. परतताना आधी स्कोगाफॉस धबधबा आणि सगळ्यात शेवटी सेल्यालॅन्सफॉस.

याचे तीन फायदे आहेत. लांबचं ड्रायव्हिंग ताज्या डोक्याने होतं. सेल्यालॅन्सफॉसचं तोंड पश्चिमेकडे असल्याने संध्याकाळचं ऊन सरळ पाण्यावर येतं, आणि धबधब्याच्या मागच्या वाटेवरून त्या उजेडात बाहेर बघणं हा या रस्त्यावरचा सगळ्यात सुंदर अनुभव आहे. तिसरं अगदी व्यवहाराचं: मागून फिरताना तुम्ही नखशिखांत भिजता. दिवसाच्या शेवटी भिजलात तर कपडे बदलून गाडीत बसायचं आणि घर गाठायचं. सकाळी भिजलात तर ओल्या मोज्यांनी दिवसभर कुडकुडायचं.

फक्त हवामान बघून हा क्रम बदलायची तयारी ठेवा. दुपारनंतर वारा वाढणार असेल तर वीक गाठण्याचा हट्ट सोडा, स्कोगाफॉसवरूनच परत या.

प्रत्येक ठिकाणी किती वेळ धरावा?

दिरहोलाए एक तास, रेनिसफ्यारा पाऊण तास, वीकला जेवणासह तास-सव्वा तास, स्कोगाफॉस एक तास, सेल्यालॅन्सफॉस एक तास. सेल्यालॅन्सफॉसपासून थोडं चालत गेलं की ग्ल्यूफ्राबूई नावाचा धबधबा खडकाच्या फटीत लपलेला आहे. प्रवाहातल्या दगडांवर पाय देत आत जावं लागतं. बुटांची खात्री असेल तरच जा. स्कोगार गावातल्या संग्रहालयामागे क्वेर्नुफॉस धबधबा आहे, तिथे गर्दी बरीच कमी असते. वेळ हाताशी असेल तर मी पहिल्यांदा तोच जोडेन.

स्कोगाफॉस आणि सेल्यालॅन्सफॉस दोन्ही साधारण ६० मीटर उंच आहेत, आणि दोन्ही ज्या कड्यावरून पडतात तो एकेकाळी समुद्राचा किनारा होता. हिमयुगानंतर जमीन वर आली, हिमनद्यांनी गाळ आणून टाकला आणि समुद्र काही किलोमीटर मागे गेला. हे माहीत असलं की वाटेभर डाव्या हाताला धावणारा तो उंच कडा आणि उजवीकडचं सपाट माळरान यांचा उलगडा होतो.

रेनिसफ्याराचा किनारा खरंच इतका धोकादायक आहे का?

हो. इथे पर्यटकांचे जीव गेले आहेत, आणि पाण्यात पोहायला गेलेल्यांचेच नव्हे, वाळूवर उभं राहून फोटो काढणाऱ्यांचेही.

या किनाऱ्यासमोर दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. खुल्या अटलांटिकवरून हजारो किलोमीटर येणाऱ्या लाटा, त्यात समुद्राचा तळ किनाऱ्यालगत एकदम खोल. त्यामुळे लाट दुरून फुटत, दमत येत नाही. अंगावर येईपर्यंत तिची ताकद शाबूत असते. पाच-दहा मिनिटं लहान लाटा येत राहतात, माणूस निर्धास्त होतो आणि मग एक लाट आधीच्या सगळ्यांपेक्षा कितीतरी आत येते. परत जाताना ती पायाखालची वाळू ओढून नेते. पाणी इतकं थंड असतं की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत आखडतात.

कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्राची सवय असते, आणि म्हणूनच त्याला इथे जास्त बजावून सांगावं लागतं. गुडघाभर पाण्यात उभं राहायची आपली सवय इथे नको. पाय भिजवायचेच नाहीत.

पार्किंगपासून किनाऱ्याकडे जाताना इशाऱ्याचे दिवे आणि फलक लागतात. ते थांबून वाचा. लाल दिवा असेल तर वाळूवर उतरू नका, वरून बघा. पिवळा असेल तेव्हाही लाटांच्या ओल्या रेषेपासून निदान तीसेक मीटर मागे राहा, समुद्राकडे पाठ करू नका आणि मुलांचा हात सोडू नका. बेसॉल्टच्या खांबांजवळची गुहा फोटोसाठी प्रसिद्ध आहे, पण मोठी लाट आली की तिथून बाहेर पडायला वाट उरत नाही, वरून दगडही कोसळतात. वादळांनंतर या किनाऱ्याची रुंदी बदलते, त्यामुळे कुणाच्या जुन्या फोटोत दिसणारी मोकळी वाळू तुम्हाला मिळेलच असं धरून चालू नका.

वाऱ्याची इतकी भीती का घालतात?

इथे दिवस बिघडवतो तो पाऊस नव्हे, वारा. अंदाजात वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात दिलेला असतो, तिथे आपली गफलत होते. १५ हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो ताशी ५४ किलोमीटर असतो. २० म्हणजे ७२ आणि २५ म्हणजे ९०. शिवाय एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखीच्या पायथ्याशी आणि वीकजवळच्या डोंगराखाली वारा झोताने येतो. सरासरी १५ असताना झोत त्याच्या दीडपट किंवा जास्त असू शकतो.

अंदाज १५ च्या वर गेला की मी मोठी, उंच गाडी घेऊन निघत नाही. २० च्या वर गेला तर सहलच दुसऱ्या दिवशी ढकलावी. निघण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: आइसलंडच्या हवामान खात्याचा अंदाज (पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात), रस्ते विभागाचा नकाशा आणि सेफट्रॅव्हल हे संकेतस्थळ. तिन्ही इंग्रजीत आहेत.

आणि गाडीचं दार. ते एका हाताने सहज उघडायचं नाही. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा आणि मागच्या सीटवरच्या मुलांना सांगा की मोठ्यांनी उघडल्याशिवाय हात लावायचा नाही. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागऱ्या वाकतात, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरलेलं नसतं. बिल मोठं येतं.

भारतीय लायसन्स चालतं का? कोणती गाडी घ्यावी?

रोमन अक्षरांत छापलेलं वैध लायसन्स चालतं. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. एक वर्ष चालतो, आणि भाड्याने गाडी देणारे काही जण तो मागतातच. व्हिसा शेंगेनचा लागतो.

या रस्त्याला उन्हाळ्यात साधी लहान गाडी पुरते. फोर बाय फोर लागते ती आतल्या डोंगरी वाटांना, ज्यांच्या नावापुढे एफ असतो. तिकडे या दिवशी जायचंच नाही. मात्र गाडी ऑटोमॅटिक घ्या. इथे उजव्या बाजूने चालवायचं असतं आणि स्टिअरिंग डावीकडे. त्यात उजव्या हाताने गिअर टाकण्याची भर नको. विमान रात्रभराचं असेल तर केफ्लाविक विमानतळावर उतरल्या उतरल्या हा प्रवास सुरू करू नका. एक झोप काढा.

रस्त्यावरचे कोणते नियम आपल्याला नवीन पडतात?

शहरात बहुधा ५०, डांबरी रस्त्यावर ९० आणि खडीच्या रस्त्यावर ८० ही कमाल मर्यादा. कॅमेरे आहेत, दंड जबर आहे. दिवे दिवसाही चालू ठेवायचे. मागच्या सीटवरही बेल्ट. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची सीट लागते. ती गाडीबरोबर आधीच मागून ठेवा, मांडीवर घेणं चालत नाही.

दोन पट्ट्यांच्या गोल चौकात आतल्या पट्टीतून बाहेर पडणाऱ्या गाडीला अग्रहक्क असतो. बाहेरच्या पट्टीत असाल तर तिला जाऊ द्या. हा नियम इतर अनेक देशांत नाही, त्यामुळे युरोपात गाडी चालवलेले लोकही इथे अडखळतात.

फोटोसाठी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची नाही. रिंग रोडला बहुतेक ठिकाणी साइडपट्टीच नसते आणि मागून ट्रक नव्वदने येत असतो. पुढे पार्किंगची जागा येतेच. आणि रस्ता सोडून गाडी माळावर, शेवाळावर किंवा वाळूत घालणं हा कायद्याने गुन्हा आहे. ते शेवाळ चाकाखाली गेलं की भरून यायला दशकं लागतात, म्हणून इथल्या लोकांना याचा मनापासून राग येतो. तो रास्त आहे.

पेट्रोलचं काय?

सेल्फॉस, हेत्ला, क्वोल्सवोत्लुर आणि वीक इथे पंप आहेत. पंपावर माणूस नसतो, कार्ड घालून पिन द्यावा लागतो. पिन नसलेलं कार्ड घेऊन आलात तर अडकाल. भारतातून निघण्याआधी बँकेकडून पिन आणि परदेशातला वापर सुरू करून घ्या.

पार्किंग आणि स्वच्छतागृहं?

बहुतेक प्रसिद्ध ठिकाणी पार्किंगला पैसे पडतात, साधारण हजार क्रोनांच्या आसपास. बऱ्याच जागी अडसर नसतो, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पैसे ॲपवर किंवा यंत्रावर भरायचे असतात. विसरलात तर भाड्याने गाडी देणाऱ्यामार्फत दंडासकट वसूल होतात. स्वच्छतागृहं दोन्ही मोठ्या धबधब्यांपाशी, रेनिसफ्याराला आणि वीकला आहेत. दिरहोलाएच्या वरच्या टोकाला जाण्याआधी जाऊन या.

खायचं काय? शाकाहारी मिळेल का?

मिळेल, पण महाग आणि मोजकं. आदल्या संध्याकाळी रेक्याविकच्या बोनुस किंवा क्रोनान या किराणा दुकानांतून ब्रेड, चीज, काकडी, केळी घेऊन ठेवा. घरून थेपले, दशम्या, चिवडा, लोणचं आणलं असेल तर त्याचा हाच दिवस. मांस आणि दुधाचे पदार्थ देशात आणण्यावर निर्बंध आहेत, म्हणून फराळ कोरडाच ठेवा. थर्मासमध्ये गरम पाणी भरून घेतलं की गाडीत चहा आणि उपमा दोन्ही होतात. वाऱ्यात बाहेर बसून खायचा बेत करू नका.

इथलं स्कीर नक्की खा. घरच्या चक्क्यासारखं घट्ट लागतं, मुलांना आवडतं. पक्के शाकाहारी असाल तर डब्यावरचा मजकूर वाचा, काही प्रकारांत रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं. पंपांवर मिळणारा हॉट डॉग लँबचा म्हणून सांगतात, पण त्यात गाय आणि डुकराचं मांसही मिसळलेलं असतं. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी आधीच ठरवावं.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं थंड पाणी उत्तम आहे. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, तो भूगर्भातून आलेल्या पाण्याचा. अंघोळीला काही अपाय नाही, फक्त प्यायला थंड नळ वापरा.

हे काळे खांब आणि काळी वाळू आली कुठून?

हा प्रश्न मुलं विचारतात, आणि उत्तर देताना मला सगळ्यात आनंद होतो, कारण ते आपल्या घराशी जुळतं. रेनिसफ्याराचे खांब बेसॉल्टचे आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात, आणि थंड होणं सावकाश आणि सारखं असेल तर भेगा बहुतेक षट्कोनी जाळी धरतात आणि आत आत उतरत जातात. त्यातून हे खांब घडतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दगडावर उभा आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी, आपले किल्ले, सगळं बेसॉल्ट. असेच खांब बघायचे तर मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आइसलंडचा जमिनीवरचा सगळ्यात जुना खडक दीड-पावणेदोन कोटी वर्षांच्या आतला आहे. आपला दगड उष्ण, पावसाळी हवेत झिजून त्याची काळी माती झाली, त्यात कापूस आणि ज्वारी पिकते. इथला तरुण आहे, थंडीत पडून आहे, म्हणून त्याची माती न होता लाटांनी आणि हिमनद्यांनी दळून वाळू झाली. मूळ दगड एकाच जातीचा.

आइसलंड दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात त्या रेषेवर बसलं आहे, त्याच्या पोटात खोलवरून येणारा उष्ण खडकाचा झराही आहे. दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण झऱ्याशी जोडला जातो, तो आज हिंदी महासागरात रेयूनियन बेटाखाली आहे. मुलांना नकाशा दाखवून हे सांगा. त्या दिवशी त्यांना भूगोल वेगळा वाटेल.

मोडकं विमान बघायला जावं का?

हिंदी गाण्यात दिसल्यापासून हा प्रश्न हटकून येतो. नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकन नौदलाचं विमान सोल्हेमासांदूरच्या वाळवंटात उतरवावं लागलं, त्यातले सगळे वाचले, सांगाडा तिथेच राहिला. गाडी पार्किंगला ठेवून सपाट, उजाड वाळूतून जाताना सुमारे चार आणि येताना चार किलोमीटर चालायचं, म्हणजे अडीच-तीन तास. एका दिवसाच्या बेतात मी हे वगळते. तेवढ्या वेळात स्कोगाफॉस आणि क्वेर्नुफॉस दोन्ही निवांत होतात.

हिमनदीवर चालायचं असेल तर?

सोल्हेमायोकुल रिंग रोडपासून चार-पाच किलोमीटर आत आहे. वाटाड्याबरोबरची फेरी साधारण तीन तासांची असते, तेव्हा ती घेतलीत तर दिरहोलाए आणि एक धबधबा सोडा. नुसतं लांबून बघायचं तर पार्किंगपासून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. वाटाड्या आणि बुटांना लावायचे लोखंडी काटे यांशिवाय बर्फावर पाऊल ठेवू नका, भेगा वरून दिसत नाहीत. ही हिमनदी वेगाने मागे हटते आहे. क्वोल्सवोत्लुरच्या शाळेतली मुलं २०१० पासून दरवर्षी येऊन ते अंतर मोजतात. त्यांच्या नोंदीची पाटी वाटेत दिसली तर थांबून वाचा.

आई-बाबांना झेपेल का?

झेपेल. स्कोगाफॉसच्या तळापर्यंत जमीन सपाट आहे. वर जायला पाचशेहून जास्त लोखंडी पायऱ्या आहेत, त्या टाळल्या तरी धबधबा पूर्ण बघून होतो. दिरहोलाएला खालच्या पार्किंगपासूनही समुद्र आणि खडक छान दिसतात. सेल्यालॅन्सफॉसच्या मागची वाट मात्र ओली, दगडी आणि चढउताराची आहे. गुडघे दुखत असतील तर त्यांनी पुढूनच बघावं आणि बाकीच्यांनी आलटून पालटून सोबत थांबावं. छत्री आणू नका, वाऱ्यात टिकत नाही. पाणी न शिरणारं जाकीट आणि तसलीच विजार द्या, साडी किंवा सलवारीवरून घालता येईल अशी सैल.

पफिन कधी दिसतात?

मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दिरहोलाएच्या कड्यांवर. सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त. अंडी घालण्याच्या काळात कड्याचा काही भाग काही तास बंद ठेवतात. दोरीच्या पलीकडे जाऊ नका, कडा ठिसूळ आहे.

ज्वालामुखी भडकला तर?

२०१० च्या एप्रिलमध्ये युरोपची विमानं जमिनीवर आणणारा एयाफ्यात्लायोकुल याच रस्त्याच्या कडेला आहे. वीकच्या मागे मीर्दाल्सयोकुल या हिमनदीखाली कात्ला ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ सालचा. तेव्हा बर्फ वितळून जो पूर आला, त्याने इतका गाळ आणला की किनारा समुद्रात पुढे सरकला. त्या पुरासाठीच वीकचे लोक टेकडीवरच्या चर्चकडे जाण्याचा सराव करतात. शास्त्रज्ञांची या डोंगरांवर सतत नजर असते आणि धोका असेल तर त्या भागातल्या सगळ्या मोबाइलवर संदेश येतो. फोन चालू ठेवा. मदतीचा क्रमांक ११२.

डिसेंबरमध्ये आलो तर?

तर वेगळाच बेत हवा. उजेड चार-पाच तासच असतो, साधारण साडेअकरा ते साडेतीन. सेल्यालॅन्सफॉसच्या मागची वाट बर्फामुळे बंद असते. रेक्याविकमधून बाहेर पडताना लागणारं हेलिसहेदीचं पठार कधी कधी वादळात बंद करतात. बर्फावर गाडी चालवायची सवय नसेल तर स्वतः चालवू नका, बसने जा. यात कमीपणा काही नाही. उलट जूनमध्ये रात्र जवळपास होतच नाही, म्हणून घड्याळ बघून जेवा आणि घड्याळ बघून परता. उजेडाच्या भरवशावर राहिलात तर रात्रीचे अकरा कधी वाजले ते कळत नाही.

दोन दिवस असतील तर योकुल्सारलोन जोडावं का?

नक्की. पहिल्या रात्री वीकला किंवा पुढे किर्क्यूबायार्क्लेस्तुरला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवर गाठा. हिमनदी मागे हटू लागल्यावर गेल्या शतकात तयार झालेलं हे सरोवर दरवर्षी वाढतं आहे, सीलही दिसतात. वीकच्या पुढे एकपदरी पूल लागतात, जो आधी पोहोचेल त्याने आधी जायचं. वाटेत १७८३ च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकाचा लाव्हा मैलोगणती शेवाळाखाली पसरलेला दिसतो. उन्हाळ्यातल्या खोल्या कितीतरी महिने आधी भरतात, म्हणून विमानाचं तिकीट काढलं की त्याच आठवड्यात मुक्कामही पक्का करा.